वहिनींच्या हयातीचा दाखला

गेल्या नोव्हेंबरांत आम्ही धुळ्याहून एस.टी.नें जळगांवास गेलों, तें वहिनींच्या हयातीच्या दाखल्यासाठीं. वहिनींचें वय 84. बँकेच्या पायऱ्या त्यांच्यानें चढवत नाहींत, आणि पोळ्या लाटून लाटून बोटांचे ठसे केव्हांच झिजले. 2014 च्या नोव्हेंबरांत निघालेला डिजिटल दाखला 2021 पासून नुसता चेहरा दाखवूनहि मिळूं लागला, म्हणून त्यांच्या फोनवर तें ॲप घेतलेलें होतें. परंतु उघडावयास जावें तों क्षणभर पडदा उजळे आणि ॲप आपोआप मिटे. महिना संपावयास चारच दिवस उरलेले. दाखला न पोंचल्यास थोरल्या बंधूंच्या माघारीं मिळणारें निवृत्तिवेतन थांबावयाचें.

"काका, सगळा फोन पुसून नव्यासारखा करूं, दहा मिनिटांचें काम," पुतण्या म्हणाला. वहिनी कोपऱ्यांतून हळूच म्हणाल्या, "त्यांत यांचा आवाज आहे." बंधूंनीं शेवटच्या गणपतींत म्हटलेली आरती त्या फोनांत होती, दुसरीकडे कोठेंच नव्हती.

आयुर्वेदाच्या निदानपंचकांत 'उपशय' म्हणून एक अंग आहे. रोगाचीं लक्षणें गूढ असलीं, तर एखादें औषध देऊन पाहावें, आणि उतार पडतो कीं कसें यावरून रोग ओळखावा. त्यांत आम्ही आमची अट घातली: एका वेळीं एकच औषध, आणि सौम्य तें आधीं. घरांत चौघे चार उपाय एकदम सांगत होते, म्हणून हें बजावावें लागलें.

प्रथम आरती पुतण्याच्या फोनांत उतरवून घेतली. मग फोन बंद करून पुन्हां चालू केला, गुण नाहीं. कॅश पुसली. कॅश ही ॲपची तात्पुरती शिदोरी. ती गेल्यानें कांहीं बिघडत नाहीं. शेजारींच 'डेटा' पुसण्याचें बटण असतें, तें दाबलें तर भरलेली माहितीहि जाते; घाईंत बोट नेमकें तेथेंच पडतें! तरीहि गुण नाहीं. अशा वेळीं दोष ॲपचाच असतो असेंहि नव्हे. मार्च 2021 मध्यें अँड्रॉइड फोनांवर जगभर अनेक ॲपें उघडतांच मिटूं लागलीं होतीं. दोष निघाला तो ॲपच्या पोटांत वेबपानें दाखविणाऱ्या 'वेबव्ह्यू' नांवाच्या निराळ्याच घटकाचा. तो अद्ययावत् होतांच सारें सुरळीत झालें.

शेवटीं फोनांतील जागा पाहिली. ती जवळजवळ संपलेली! सुप्रभाताचीं फुलें, सूर्योदय आणि सुविचार यांनीं फोन माळ्यासारखा भरलेला. नात तासभर तीं पुसत बसली. तरी ॲप मिटलेंच. पण जागेअभावीं अडकून पडलेली त्याची नवी आवृत्ति आतां उतरूं शकली, आणि ती उतरतांच ॲप उघडलें.

वहिनींना खिडकीच्या उजेडांत बसविलें. पडद्यानें पापणी लवविण्यास सांगितलें, तों त्यांनीं देवापुढें मिटावे तसे डोळे मिटले, हातहि जोडले. दोनदां फुकट गेलें. तिसऱ्यांदां जमलें.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "आतां तरी मी जिवंत ठरलें ना?"