लेहचे लग्न

पुतणीचे लग्न ठरले. मुलगा लेहचा, बौद्धच. त्याच्या घरच्यांनी एप्रिल धरला. तिकडे तेव्हा जर्दाळू फुलतो. आमच्या डोंबिवलीत वसंत म्हणजे घामाच्या धारा!

मी कारकून माणूस, वही घेऊन बसलो. रस्त्याने जावे तर जोजिला खिंड बर्फाने कधी बंद होईल याचा नेम नाही. म्हणजे दिल्लीहून विमान. माणसे चाळीसवरून बारावर आणली. लेह साडेअकरा हजार फुटांवर, हवा विरळ; पोहोचल्यावर दोन दिवस नुसती विश्रांती. तो मुक्काम वेगळा. साधे लग्न करा म्हणून मी वीस वर्षे सभांतून सांगतो, आणि खर्च माझ्याच दारी!

नोंदणी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने. मुलगी इथली, म्हणून ३० दिवसांची नोटीस ठाणे जिल्ह्यातच. विधीला त्यांच्याकडे लामा, आपल्याकडे त्रिशरण-पंचशील. व्याही फोनवर म्हणाले, दोन्ही करू.

अडले ते आईपाशी. तिला दमा. डॉक्टरांनी साफ नाही सांगितले. "नातीला मी अंगाखांद्यावर खेळवली," एवढेच बोलली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

वहीतली पाने फाडली. आता मंगल परिणय मार्चमध्ये इथल्या विहारात, लेहला फक्त जेवण. व्याह्यांना काल कळवले. अजून उत्तर नाही.