शोकेसमधलं लग्न

आमच्या पिढीत लग्न झालं की महिन्याभराने शूटिंगवाला सीडी आणून द्यायचा. ही गोष्ट 2000 च्या आगेमागची. एका व्हिडिओ सीडीत जेमतेम सव्वा तास मावे, म्हणून एका लग्नाच्या तीन सीड्या: हळद, लग्न, वरात. तुकडा कुठे पडेल याला काही धरबंध नसे. काकांच्या लग्नात मंगलाष्टकं ऐन रंगात आली की पहिली सीडी संपते. दुसरी सापडेपर्यंत नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना ताटकळत उभे.

साताऱ्याच्या आत्याने तिच्या लग्नाच्या सीड्या दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये मांडल्या होत्या. दुपार कलली की त्यांच्यावर थेट ऊन यायचं. सांगलीत आईने आमच्या सीड्या कपाटात शालूच्या घडीत ठेवल्या. आत्या म्हणायची, वहिनी लपवतात. आई म्हणायची, वन्संना मिरवायची हौस.

विज्ञान आईच्या बाजूने निघालं. लिहिता येणाऱ्या सीडीत रंगद्रव्याचा पातळ थर असतो आणि लेसर त्यावर खुणा उमटवतो. ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो थर खराब होतो. बाजारातली सिनेमाची सीडी साच्यात दाबून काढलेली, तिच्यात हे रंगद्रव्यच नाही. त्यामुळे घरात ‘अशी ही बनवाबनवी’ आजही सुरळीत चालतो आणि आत्याची हळद मात्र पाचव्या मिनिटाला अडकते. अर्थात आईचंही सगळं बरोबर नव्हतं. सीडी कडक डबीत, पुस्तकासारखी उभी ठेवायची असते.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागातल्या आमच्या घरात शिरलं. पाणी ओसरल्यावर पाहिलं, तर अल्बमची पानं एकमेकांना चिकटलेली, जुन्या व्हिडिओ कॅसेटींत गाळ भरलेला. सीड्या स्वच्छ पाण्याने धुतल्या, मऊ कापडाने मधून कडेकडे पुसल्या (गोल फिरवून पुसायच्या नाहीत) आणि सावलीत वाळवल्या. बहुतेक चालल्या! वाया गेल्या त्या वधूवरांच्या फोटोचं स्टिकर लावलेल्या. भिजलेलं स्टिकर सोलताना त्याच्याबरोबर चंदेरी थरच उपटून आला.

आम्ही सगळे चकचकीत बाजूला जपायचो, तिला बोट लावू द्यायचो नाही. पण त्या बाजूला मिलिमीटरभर जाड प्लास्टिकचं संरक्षण असतं. खरी नाजूक बाजू नावाची. तिथे लाखेच्या पातळ लेपाखाली लगेच चंदेरी थर, आणि नेमकं तिथेच आम्ही बॉलपेनने दाबून ‘चि. सौ. कां.’ लिहायचो. डीव्हीडीत हा थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ओरखड्याला ती जरा दणकट. टिकण्याच्या बाबतीत मात्र उलटं आहे. कॅनेडियन कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूटच्या अंदाजाने साधी सीडी-आर 20 ते 50 वर्षं टिकते, तर साधी डीव्हीडी-आर 10 ते 20. म्हणजे 2008 नंतर ऐटीत डीव्हीडी करून घेतलेल्यांनी आधी घाई करायला हवी.

लॅपटॉपला आता ड्राइव्हच नसतो. भाच्याने बाहेरून जोडायचा एक आणला आणि जे वाचता आलं ते सगळं उतरवून घेतलं. एक प्रत सांगलीत ठेवली, दुसरी आत्याकडे; तिचं घर चढावर आहे, तिथे कृष्णा येत नाही. तिने पेनड्राइव्ह हातात घेऊन पहिलं विचारलं, “हा कुठं मांडायचा?”