बिलाच्या फाइलवर ठरलेली भाषा

एका बिलाच्या फाइलवर सगळा निर्णय झाला, याचा राग मला अजून येतो. काम होतं एका मासिकाच्या जुन्या अंकांचं. लेख एक्सएमएलमध्ये होते, त्यांची वेबपानं आणि लेखकसूची करायची होती. बैठकीत पडद्यावर आलं ते मात्र ग्राहक, वस्तू, रक्कम एवढंच. एक्सएमएल हाताळणाऱ्या दोन भाषा समोर होत्या: एक्सक्वेरीत चार ओळी, एक्सएसएलटीत पानभर कंस. ठरली एक्सक्वेरी.

लेख म्हणजे बिल नव्हे. परिच्छेदात मध्येच तिरपा शब्द, त्यालाच तळटीप, तळटिपेत पुन्हा ग्रंथनाम, नाहीतर एखादी ओवी. कशाच्या पोटात काय निघेल, सांगता येत नाही. एक्सएसएलटीत टॅगागणिक एक टेम्प्लेट लिहायचं आणि आतलं सगळं अप्लाय-टेम्प्लेट्सवर सोपवायचं. एखाद्या टॅगचं टेम्प्लेट राहिलं तरी अंगभूत नियमामुळे त्यातला मजकूर गळत नाही. एक्सक्वेरीत हे मला हाताने बांधावं लागलं: टाइपस्विचने टॅग ओळखणारं आणि आतल्या प्रत्येक नोडसाठी स्वतःलाच बोलावणारं फंक्शन. तळटिपेतलं ग्रंथनाम वेगळं दाखवायचं, तर एक्सएसएलटीत ‘मॅच’मध्ये ‘तळटीप/ग्रंथनाम’ लिहिलं की झालं. माझ्या फंक्शनमध्ये मात्र त्या टॅगचा पालक कोण, ही चौकशी आली. नवा टॅग दिसला की पुन्हा तेच फंक्शन उघडा. एक लेख दोन्ही भाषांत करून दाखवला, तर उत्तर आलं, ‘आता ठरलंय.’

‘एक्सएसएलटीत गट पाडणं म्हणजे छळ,’ असंही तेव्हा कोणी म्हणालं होतं. ते १९९९च्या १.० आवृत्तीपुरतं खरं. तिच्यात स्टीव्ह म्यूंक यांची की आणि जनरेट-आयडीची युक्ती वापरावी लागे. २००७मध्ये २.० आलं, त्यात फॉर-ईच-ग्रुप होतं. ब्राउझर १.०वरच थांबले, म्हणून जुनी बदनामी टिकली. उलट २.०च्याच दिवशी, २३ जानेवारी २००७ला, प्रसिद्ध झालेल्या एक्सक्वेरी १.०मध्येच ग्रुप बाय नव्हतं! ते २०१४मध्ये ३.०बरोबर आलं. फाइलीतले नोड शोधायचं एक्सपाथ तर दोघींचं एकच. भाषा निवडायची असेल तर आपली सगळ्यात किचकट फाइल पुढे ठेवावी, सगळ्यात छोटी नव्हे.

लेखकसूचीच्या वेळी मात्र मला एक्सएसएलटीची आठवणसुद्धा झाली नाही. सगळ्या अंकांतून लेखक गोळा करणं, आद्याक्षराने गट पाडणं, क्रम लावणं, सगळं एका फॉर-लेटमध्ये बसलं आणि महिन्याभराने वाचलं तरी कळलं. क्षीरसागर तेवढे ‘क’मध्ये गेले, कारण सबस्ट्रिंगला ‘क्ष’मधला पहिला ‘क’च दिसतो. पण ते एक्सएसएलटीतही तिथेच गेले असते.