आखाड्याला एनए कशाला?

केज तालुक्यातल्या आमच्या शेतात आजोबांनी बांधलेला आखाडा, म्हणजे शेतातलं घर होतं. पाच खणांचं माळवद, दगडमातीच्या रुंद भिंती, लागूनच बैलांचा कोठा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. जड माळवदांखाली झोपेतच माणसं गेल्याचं ऐकल्यापासून आई तिथे निजायला धजावत नसे. यंदाच्या पावसात मागची भिंत फुगली आणि पाडून नवं बांधायचं ठरलं.

गावात जो तो म्हणे, "आधी एनए करा," म्हणजे जमीन अकृषिक करून घ्या. कागदपत्रं करून देणाऱ्या एकाने तर खर्चही सांगून टाकला. मी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 उघडली. अवजारं, खत, कडबा, धान्य ठेवायला, जनावरं बांधायला, शेतकऱ्याच्या कुटुंबाला नि गड्यांना राहायला जे बांधतात, ती शेतावरची इमारत. हा तर आमचाच आखाडा! अशा बांधकामाला एनए लागत नाही. शहरांच्या हद्दीत आणि त्यांच्या भोवतालच्या पट्ट्यात मात्र जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी आणि तिथे एकरभराहून, म्हणजे 0.4 हेक्टरहून कमी रान असेल तर घरच बांधता येत नाही. आमचं रान त्या पट्ट्याबाहेर. धाकटा भाऊ समोर ढाबा टाकायचं बोलत होता. तसं केलं की शेतीची सवलत संपली, हे त्याला तिथेच सांगितलं. बँकेने मात्र एनएशिवाय गृहकर्ज द्यायला नकार दिला. कायद्याला जे नको, ते बँकेला हवं!

खरी अडचण निघाली रस्त्याची. आमचं रान खामगाव-पंढरपूर महामार्गालगत. ग्रामीण भागात राष्ट्रीय महामार्गाची इमारत रेषा, म्हणजे जिच्या आत नवं बांधता येत नाही ती, रस्त्याच्या मध्यापासून 40 मीटरवर असते. आमचा आखाडा तिच्या बराच आत, कारण आजोबांनी बांधला तेव्हा तिथून बैलगाडीची वाट जायची. इंग्लंडच्या हरितपट्ट्यात जुन्या घराच्या जागी बांधायचं तर नवं घर जुन्याहून फार मोठं चालत नाही, म्हणजे तिथे जुन्या घराला निदान मापाचा तरी मान आहे. इथे जुन्या जोत्याचा हक्क कुणी धरत नाही. आई म्हणाली, "विहीर इथं, अन् घर तिकडं?" तिचं खरं होतं, पण घर मागे सरकवावंच लागलं. त्यात चांगल्या काळ्या रानाचा तुकडा गेला, म्हणून थोरले दादा आठवडाभर धुसफुसत होते.

तुमचं रान रस्त्याकडेला असेल तर माळवदाला हात लावण्याआधी टेप घेऊन रस्त्याच्या मध्यापासून मोजा, आणि पुढे घरात वाद नको म्हणून सातबाऱ्यावर ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांची संमती लेखी घ्या.