नारळाचा भात आणि सुकटीचा डबा

माणसाला स्वतःच्या अंगाचा वास येत नाही असे म्हणतात. घराचाही येत नसावा. मालवणच्या आमच्या घराला सुक्या मासळीचा वास आहे, हे मला कळले ते वयाच्या अठराव्या वर्षी, घाट चढून या वसतिगृहात राहायला आल्यावर.

आई बाजारात सुकी मासळी विकते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली ही मासळीच आमचे घर चालवते. माझी फीदेखील त्यातूनच आली. पहिल्याच वर्षी आईने ओळखीच्या माणसाबरोबर एस.टी.ने डबा पाठविला. भाजलेला जवळा, सुके खोबरे, लसूण आणि लाल मिरची यांची चटणी होती. झाकण उघडले मात्र, खोलीतले दोघे मित्र नाकाला रुमाल लावून गॅलरीत गेले. एकाने विचारले, "अरे, इथे उंदीर मेलाय की काय?" सगळे हसले. मीही हसलो. त्यांच्या हसण्याचे मला काही वाटत नाही. माझ्या हसण्याची मात्र अजून लाज वाटते.

रात्री तो डबा मी वसतिगृहामागच्या उकिरड्यावर रिकामा केला, दोनदा साबणाने घासला आणि आईला फोनवर सांगितले, "चटणी फर्मास होती. पोरांनी बोटे चाटून खाल्ली." ते ऐकून पुढच्या वेळी आईने मोठा डबा पाठविला. त्यात पोरांच्या वाट्याची चटणीही होती. असे सात डबे आले आणि सातही त्याच वाटेने गेले.

हे सारे आज लिहिण्याचे कारण एक न्याहारी आहे, आणि तीही इथली नव्हे, थेट क्वालालंपूरची.

माझा मामा तिथे एका कारखान्यात फिटर आहे. गेल्या उन्हाळ्यात मामीचे बाळंतपण आले. आईने जायचे ठरले. पण तिला इंग्रजी येत नाही आणि विमानाची भीती, म्हणून सोबतीला माझी वर्णी लागली. बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचे पाहून एका रविवारी सकाळी मामा आम्हांला म्हणाला, "चला, तुम्हांला इथला नारळाचा भात खाऊ घालतो."

कांपुंग बारू हे क्वालालंपूरच्या मध्यभागी असलेले मलय लोकांचे जुने गाव. 1900 च्या सुमारास इंग्रज अमदानीत मलय कुटुंबांसाठी ही वसाहत राखून ठेवली गेली. आजही तिथे लाकडी घरे, अंगणातल्या नारळी आणि केळी दिसतात, आणि त्यांच्या शेंड्यांवरून 452 मीटर उंचीचे पेट्रोनासचे जुळे मनोरे डोकावतात. आईला मनोऱ्यांचे फारसे कौतुक वाटले नाही. ती नारळी पाहत चालली होती.

खानावळ म्हणजे पत्र्याचे छप्पर, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि रस्त्यापर्यंत गेलेली रांग. रांगेत कचेरीतले कारकून होते, मोटारसायकलवाले होते, गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या मुली होत्या. आम्ही अजून दहा पावले लांब होतो, तोच आई थबकली. नाक वर करून म्हणाली, "झिला, हो वास आपल्या जवळ्याचो!"

मी चमकून इकडे तिकडे पाहिले. पण रुमाल कुणीच काढला नव्हता. उलट त्याच वासाच्या ओढीने माणसे रांगेत उभी होती.

मामाने उलगडा केला. त्या भाताला 'नासी लेमाक' म्हणतात. नासी म्हणजे भात. लेमाक म्हणजे नारळाच्या रसाने येणारा स्निग्धपणा. तांदूळ नारळाच्या दुधात शिजवायचा आणि त्यात पांदानच्या पानांची गाठ मारून टाकायची. हे झाड केवड्याच्या कुळातले. त्याच्या पानाला सुवासिक तांदळासारखा वास येतो. भातासोबत काकडीच्या चकत्या, अंडे, तळलेले शेंगदाणे, तळलेली सुकी मासळी आणि या सर्वांवर राज्य करणारी लाल चटणी, सांबाल. तिच्यात वाटलेली सुकी मिरची, छोटे कांदे, चिंच, किंचित गोडवा आणि 'बलाचान' असते. बलाचान म्हणजे बारीक कोळंबी मीठ घालून आंबवून केलेल्या वड्या. ती कोळंबी आपल्या जवळ्याच्याच जातकुळीची. आईचे नाक चुकले नव्हते.

आमच्यापुढे केळीच्या पानावर भात आला. पहिल्या घासाला नारळीभाताची आठवण झाली. पण हा गोड नव्हता. दुसऱ्या घासाला सांबाल लागले आणि डोळ्यांत पाणी आले. मी त्याचे सारे श्रेय मिरचीला दिले. ही मिरचीसुद्धा गंमतीची आहे. ती आणि शेंगदाणा दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांनी 1510 साली गोवा घेतला आणि 1511 साली मलाक्का. दोन्ही वेळा सेनापती एकच, अल्बुकर्क. त्यानंतरच्या काळात मिरची आमच्याकडेही रुजली आणि त्यांच्याकडेही. आज दोघेही तिला आपली परंपरा म्हणतो!

आईचे लक्ष मात्र जेवणात नव्हते. बाजूच्या टोपलीत न तळलेली सुकी मासळी होती, 'इकान बिलिस'. आमच्या मांदेलीच्या घराण्यातली, पण चणीने बारीक. आई उठली, त्यातली एक उचलून तिने दोन बोटांत मोडली आणि कानाशी नेली. कट् असा आवाज आला. तिने पसंतीची मान हलविली. हे पाहून वाढणारी बाई हसली. डोक्याला रुमाल बांधलेल्या त्या वयस्क बाईला सगळे 'माचिक', म्हणजे मावशी, म्हणत होते. तिने मूठभर मासळी आईच्या हातावर ठेवून विचारले, "सेदाप?" आईने शब्द न कळताच बोटांनी 'झकास' अशी खूण केली. मग त्या दोघी मीठ किती, ऊन किती, असे काहीबाही हातवाऱ्यांनी बोलत राहिल्या. मामा म्हणाला, मलय भाषेत चवीला 'रासा' म्हणतात. आपल्याच 'रस' शब्दावरून. भरताचे रससूत्र घोकून परीक्षा दिलेला मी तिथे नुसता श्रोता होतो आणि माझी चौथी शिकलेली आई रसचर्चा करीत होती.

परत येऊन बसल्यावर तिने मासळीची पुडी माझ्यापुढे सरकवली. "तुझ्या होस्टेलातल्या पोरांका ह्यां आवडात."

घास माझ्या घशात अडकला. खोटे बोलणे सोपे होते, सात वेळा बोललोच होतो. पण समोर ती रांग होती, तो वास होता आणि आईचा हसरा चेहरा होता. मी खाली मान घालून सगळे सांगून टाकले. मामा उगाचच चहा आणायला उठून गेला.

आई बराच वेळ बोलली नाही. पानावरचे शेंगदाणे एकेक करून बाजूला काढीत राहिली. मग म्हणाली, "तेव्हाच सांगूचां नाय? शेंगदाणे घालून धाडली असती."

ती रागावली असती तर बरे झाले असते.

2024 च्या डिसेंबरात युनेस्कोने मलेशियाच्या न्याहारीच्या संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. त्या न्याहारीत नासी लेमाकही येतो. हे मला परत आल्यावर वाचनालयात कळले. वाचून आनंद झाला, पण थोडी खंतही वाटली. त्या रांगेतली माणसे कोणाच्या यादीची वाट पाहत थांबली नव्हती. मला मात्र घरची चव ओळखायला समुद्रापार जावे लागले.

जूनमध्ये आठवा डबा आला. चटणीत शेंगदाणे होते. मी तो खोलीच्या मधोमध, टेबलावर उघडला. एकाने नाक मुरडले आणि तो गॅलरीत गेला. दुसऱ्याने जरा विचार करून भाकरीचा तुकडा पुढे केला.

पहिला गॅलरीतून परत येईपर्यंत मी झाकण लावले नाही.