काचेची पट्टी

आमच्या इमारतीला धोकादायक असल्याची नोटीस लागली, तेव्हा आईने फोनवर विचारलं, "पडायचे चान्स किती टक्के? तुझं कामच आहे ना हे?"

कर्ज बुडण्याची शक्यता काढणारं सॉफ्टवेअर मी लिहितो, म्हणून ती विचारत होती. "दोन-तीन टक्के असतील," मी पुण्यातल्या नव्या फ्लॅटमधून सांगून टाकलं. पण माझे आकडे हजारो कर्जदारांवरून येतात. नारपोलीतली आमची इमारत पडली तर एकदाच पडणार.

बाबांचं गणित सोपं होतं. "चाळीस वर्षांत काही झालं नाही." खालचे लूम सुरू झाले की पेल्यातलं पाणी थरथरतं, तेही तेवढंच जुनं. पण 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे धामणकर नाक्याजवळची जिलानी बिल्डिंग कोसळून 35 हून जास्त माणसं गेली. आदल्या रात्रीपर्यंत तीही उभीच होती.

ब्रुनो द फिनेत्ती हा इटालियन गणिती म्हणायचा, शक्यता जगात नसतेच. ती आपल्या खात्रीचं माप असते, आणि खात्री कळते माणूस किती पैज लावतो त्यावरून. कॉलेजात मला हे पटलं होतं. आता पटेना. माझी खात्री कमी-जास्त झाली म्हणून सळईचा गंज थांबत नाही.

कार्ल पॉपरने 1950 च्या दशकात उलट मांडलं. शक्यता हा जगातलाच खरा गुण आहे, एक कल आहे. तो एकट्या फाशाचा नसतो. फासा, टेबल, फेकण्याची पद्धत या सगळ्या मांडणीचा असतो. म्हणून एकदाच घडणाऱ्या गोष्टीलाही तो असतो. आमची मांडणी म्हणजे गंजलेले खांब, लूमचे हादरे, पाऊस आणि मागाहून चढवलेला मजला.

स्ट्रक्चरल ऑडिटवाल्याने जिन्यातल्या भेगेवर काचेची पट्टी चिकटवली होती. भेग हलत असेल तर काच तडकते. तीन आठवड्यांनी ती तडकली. तेव्हा कोणी पाहत नव्हतं, कोणाचं मत विचारलं नव्हतं. टक्के मात्र काचेनेही सांगितले नाहीत. अहवालात 'सी-2ए' आलं: रिकामी करून दुरुस्ती.

त्या शनिवारी मी घरी झोपायला गेलो. दोन-तीन टक्के सांगणारा मी पहाटेपर्यंत छताकडे बघत होतो. फिनेत्तीची पैज मी हरलो होतो.

सकाळी म्हणालो, "बाबा, तुम्ही दोघं माझ्याकडे चला."

बाबांनी चहा संपवला. "येतो. आधी मालकाकडून लिहून आण, दुरुस्तीनंतर खोली परत मिळेल म्हणून."

ते कसली शक्यता मोजत होते, हे मला तेव्हा कळलं. पुढच्याच सोमवारी रजा टाकून मी मालकाच्या दारात उभा होतो.