फोन कोणाचा?

आमच्या तिमाही अहवालाच्या नमुन्यात एक रकाना आहे : 'डिजिटल माध्यमातून संपर्कात आलेले युवा'. पुण्यात येरवड्याच्या एका वस्तीत मी किशोरवयीन मुलामुलींबरोबर काम करते. 2020 च्या टाळेबंदीत वस्तीत पाऊल टाकणंच बंद झालं, तेव्हा आमच्या गटबैठका व्हॉट्सॲपवर गेल्या आणि पुढेही बऱ्याचशा तिथेच राहिल्या. मेसेज किती जणांनी वाचला, फॉर्म किती जणांनी भरला, सगळं मोजता येऊ लागलं. देणगीदारांना आकडे हवे असतात, ते मिळू लागले.

आकडे खरेच होते. पण त्यांत मला माझी मुलं दिसेनात.

दहावीतली एक मुलगी ग्रुपवर चकार शब्द काढायची नाही. आमच्या नोंदीत ती 'निष्क्रिय सदस्य'. एका रात्री तिचा मला स्वतंत्र मेसेज आला : 'ताई, घरात माझ्या लग्नाचं चाललंय. दादाचा फोन आहे, रिप्लाय देऊ नका.' मी वाचते न वाचते तोच तिने तो डिलीट केला. मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी वह्या वाटायचं निमित्त काढून तिच्या घरी गेले. आईशी आधी रेशनचं बोलले, मग मुलीच्या परीक्षेचं, मग हळूच अठरा वर्षांच्या अटीचं आणि 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याचं. त्या घरी बऱ्याच खेपा झाल्या. लग्न थांबलं, मुलगी अकरावीला गेली. त्या तिमाहीच्या अहवालातही ती 'निष्क्रिय'च होती.

'असर' या शिक्षणविषयक अहवालाच्या 2023 च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वर्षांच्या मुलामुलींना फोनबद्दल विचारलं होतं. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी 43.7 टक्के जणांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हेच प्रमाण 19.8 टक्के. आमची वस्ती शहरातली, तरी बहुतेक मुली भावाच्या नाहीतर वडिलांच्या फोनवरूनच ग्रुपमध्ये आहेत. असा फोन हातात असताना कोणती मुलगी मनातलं लिहील?

मुलग्यांचं वेगळं. फोन स्वतःचा, त्यामुळे फसवणूकही थेट त्यांच्यापर्यंत पोचते. बनावट फोटोच्या धमकीला घाबरून एकाने यूपीआयवरून पैसे पाठवले होते. समोर बसून त्याला हे सांगता आलं नसतं. त्याने व्हॉइस नोट पाठवली, अर्धी रडतच. ती आली म्हणून 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर वेळेत तक्रार करता आली. फोनने दिलेलं हे बळ मी कधीच नाकारणार नाही. पण पोलीस ठाण्यात त्याच्याशेजारी बसायला माणूसच लागलं.

म्हणून हल्ली आम्ही मूल्यमापनाला मुलामुलींसमोर बसतो. फोन कोणाचा, पासवर्ड आणखी कोणाला माहीत, अडचण आली तेव्हा पहिल्यांदा कोणाला सांगितलंस, आणि मग पुढे काय झालं, हे विचारतो. उत्तरं लिहायला वेळ लागतो, त्यांचा आलेख निघत नाही. तरी कामाचा खरा हिशोब मला तिथेच सापडतो.

युवांच्या कामाला पैसे देणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे : पुढच्या नमुन्यात 'फोन कोणाचा?' हा एक रकाना वाढवा, आणि गृहभेटींचा खर्च अंदाजपत्रकातून कापू नका.